घरातले ऊन

रोपाला सूर्य लागतो, असे आपण शाळेत शिकलो. पण पाने सूर्यप्रकाशातला लाल आणि निळा भागच सर्वांत जास्त शोषतात. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले. त्याचा प्रसाद आता आमच्या पालकालाही मिळतो! शेजारच्या नव्या इमारतीने गॅलरीतले ऊन अडवले, तेव्हा भाच्याने आतल्या खोलीत मातीविना बाग मांडली: पाइपांतून खतपाणी आणि वर लाल-निळ्या दिव्यांच्या दोन घरगुती माळा.

गेल्या महिन्यात एका माळेतला एक दिवा गेला आणि ती माळच विझली. दुसरी आधी झगझगली, मग मंदावली. दोघींना मिळून ७०० मिलिअँपिअरचा एकच ड्रायव्हर होता. बँकेत हे मी कितीदा पाहिले! एक काउंटर बंद झाले की सारी रांग दुसऱ्यावर येते आणि तिथला माणूस मोडतो.

आम्ही प्लग काढून जोडणी बदलली. माळेत आठ लाल आणि दोन निळे दिवे. लालला दोन, निळ्याला तीन व्होल्ट धरून सुमारे २२ व्होल्ट. प्रत्येकीला ३५० मिलिअँपिअरचा स्वतंत्र ड्रायव्हर दिला. पाणी जवळ, म्हणून ड्रायव्हर उंचावर आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीला अर्थिंग.

विजेचा हिशेब मांडला तर मंडईतली जुडी स्वस्तच. पण पहाटे चष्मा लावून कोंब मोजणाऱ्या सौभाग्यवतीचा आनंद कुठल्या खात्यात जमा करायचा? तेव्हा वाचकहो, माळ दिव्यांची असो वा माणसांची, एकाचा भार गुपचूप दुसऱ्यावर पडत नाही ना, एवढे आधी पाहावे.