मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

गटाच्या बैठकीत आम्ही डोळ्यांचा विषय काढला की एखादी आजी म्हणतेच, "अगं, अजून पिकला नाही." ही जुनी गोष्ट झाली. तांदळातले खडे दिसेनात, वाटेवर ठेच लागायला लागली की दाखवायचं. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो.

आधी रक्तदाब आणि साखर तपासतात. मग तेवढा डोळा बधिर करतात, गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होतं. सरकारी जिल्हा रुग्णालयात हे मोफत आहे.

खरी काळजी घरी. थेंब साधारण महिना-दीड महिना, डॉक्टर सांगतील तसे. टाकणारीने साबणाने हात धुवावेत, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नये. मध, एरंडेल, अंगावरचं दूध, काही म्हणजे काही घालायचं नाही. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नको, चुलीचा धूर नको, हंडा उचलायचा नाही. सासूबाई गप्प बसणार नाहीत हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा पाणी घरातल्यांनी आधीच भरून ठेवावं. मुलांनीसुद्धा!

थोडं खुपतं, पाणी येतं, ते चालतं. पण दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशिराने डोळा जाऊ शकतो.

पुढे पोथी वाचायला, सुई ओवायला बहुतेकींना चष्मा लागतो. म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही.