आजीच्या विस्मरणाची वेळीच दखल

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कापूस वेचण्यात आयुष्य घालविलेली, शाळेची पायरीही न चढलेली आजी. तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा कशी घ्यावी? १९७५ साली तयार झालेल्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत वाक्य लिहावे लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात. निरक्षर व्यक्ती निरोगी असूनही त्यात मागे पडते. म्हणून हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी १९९० च्या दशकात तिचे हिंदी रूप सिद्ध झाले. तेथे विसातून तीन-तीन वजा करावयाचे आणि लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराविषयी काही सांगावयाचे. खेड्यातील वृद्धांसाठी हेच अधिक न्याय्य होय.

तरीही पहिली चाहूल लागते ती घरच्यांनाच. एखादे नाव पटकन न आठवणे हा वयाचा भाग आहे. परंतु मजुरीचा हिशेब चोख ठेवणारी आजी सुट्या पैशांत गोंधळू लागली, एकच प्रश्न वारंवार विचारू लागली, नेहमीच्या पांदणीवर वाट चुकली, तर ‘म्हातारपण आहे’ म्हणून सोडून देऊ नये. तुलना शेजारणीशी नव्हे, तिच्याच पूर्वीच्या वागण्याशी करावी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. मात्र प्रत्येक विस्मरण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, मंदावलेली श्रवणशक्ती यांमुळेही असेच घडते आणि त्यांवर उपचार आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाताना आजीसोबत राहणारी व्यक्ती आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या अवश्य न्याव्यात.