वाळा (साप)

वाळा : सरीसृप वर्गाच्या टिफ्लोपिडी कुलातील जमिनीखाली राहणारा एक लहान, बिनविषारी साप. याचे शास्त्रीय नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस असे आहे. पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये भारतीय सापांवरील आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले. त्यावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०३ मध्ये त्याला जातिनाम दिले.

लांबी सामान्यतः १० ते १७ सेंमी. असून जाडी जेमतेम बोरूच्या काडीएवढी असते. रंग काळपट तपकिरी व चकचकीत. खालची बाजू फिकट असते. डोके व मान वेगळी ओळखू येत नाहीत. डोळे खवल्याखाली झाकलेले काळे ठिपके असून त्यांना फक्त उजेड व अंधार एवढेच कळते. शेपूट आखूड असून तिच्या टोकाला बारीक काटा असतो. माती रेटताना त्याचा टेकू मिळतो. त्यात विष नसते. दात फक्त वरच्या जबड्यात असतात. याउलट लेप्टोटिफ्लोपिडी कुलातील कृमिसर्पांना ते फक्त खालच्या जबड्यात असतात.

ओलसर माती, कुजका पालापाचोळा, दगड व कुंड्या यांखाली वाळा राहतो. मुंग्या व वाळवी यांची अंडी, अळ्या व कोश हे त्याचे भक्ष्य होय. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की तो बाहेर पडतो व मोरीत किंवा न्हाणीघरात दिसतो.

या जातीत नर आढळत नाहीत. पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असून मादी अनिषेकजननाने काही थोडी अंडी घालते. त्यांतून माद्याच जन्मतात. त्यामुळे कुंडीतील मातीबरोबर गेलेली एकच मादी नव्या प्रदेशात वसाहत करू शकते. आफ्रिका, अमेरिका व पॅसिफिक बेटे येथे ही जाती अशाच रीतीने पसरली आहे.

वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो हा समज निराधार आहे. नाग किंवा मण्यार यांचे पिलू समजून त्याला पुष्कळदा मारले जाते. तथापि त्या सापांच्या पोटावर आडवे रुंद खवले असतात, तर वाळ्याच्या अंगावर सर्व बाजूंनी सारखेच खवले असतात. गांडुळासारखी वलये त्याला नसतात, शिवाय तो दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. ही ओळख पटण्यासाठी साप हातात घेणे मात्र इष्ट नव्हे. दुरून कागदावर घेऊन बागेत सोडणे पुरेसे असते. वाळवीचा हा शत्रू माणसाच्या उपयोगाचा आहे.