येशू कोणत्या घरचा?

सातारा-सांगलीकडे ख्रिस्ती घरे आहेत. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली काढलेला मिशनचा दवाखाना तर गावोगाव ठाऊक आहे. शाळेत मुले आम्हांला विचारीत, "गुरुजी, येशू मुळात कुणाच्या घरचा?"

येशू यहुदी घरचा. आई मरिया यहुदी. पहिले शिष्यही यहुदी. बायबलातला जुना करार हा मुळात यहुद्यांचाच धर्मग्रंथ.

यहुदी लोक मिसर देशात गुलाम होते. सुटून निघाले तेव्हा पीठ आंबवायलाही सवड नव्हती, अशी त्यांची कथा आहे. म्हणून वल्हांडण सणात ते न आंबवलेली भाकर खातात. येशूचे शिष्यांबरोबरचे शेवटचे जेवण याच सणाच्या दिवसांतले. त्याची आठवण म्हणून ख्रिस्ती लोक आजही देवळात भाकर मोडतात.

हे यहुदी काही लांबचे नव्हेत. कोकणात बेने इस्राएल नावाचे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बोली मराठीच. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर बरेच जण इस्राएल देशात गेले. थोडे इथेच आहेत.

तरी शेकडो वर्षे पुष्कळ ख्रिस्ती म्हणत, "यहुद्यांनी येशूला मारले." त्या रागापायी युरोपात यहुद्यांचा फार छळ झाला. अखेर १९६५ साली रोमच्या कॅथलिक धर्मसभेने जाहीर केले, की हा दोष सगळ्या यहुद्यांवर घालू नये.

बघा, ज्याच्या घरची भाकर आपण खाल्ली, त्याला वैरी कसे म्हणावे?