कॅमेरा साऱ्यांच्या हाती. बातमी मात्र शिकावी लागते

दुर्घटना घडताच प्रत्यक्षदर्शीच्या मोबाईलमधील चित्रण जगभर पोहोचते, यात आता नावीन्य उरलेले नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा बोगद्यातील पहिली दृश्ये प्रवाशांच्याच मोबाईलवरून वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचली होती. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याची नोंद प्रकृती बिघडल्याची घटना अशी होती. डार्नेला फ्रेझिअर या १७ वर्षांच्या मुलीने केलेल्या चित्रणाने ते निवेदन खोटे पाडले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये संबंधित पोलीस अधिकारी खुनाच्या आरोपात दोषी ठरला, तर फ्रेझिअर हिला त्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मंडळाने विशेष सन्मान दिला.

तथापि, योगायोगाने हाती आलेले चित्रण आणि बातमी यांत अंतर असते. रोजच्या जगण्यातले प्रश्न, म्हणजे बंद पडलेला हातपंप, न मिळणारे रेशन किंवा कुलूपबंद आरोग्य केंद्र, हे योगायोगाने कॅमेऱ्यात सापडत नाहीत. ते शोधावे लागतात, पडताळावे लागतात आणि मांडावे लागतात. नागरिक पत्रकारांच्या प्रशिक्षणाची गरज येथेच निर्माण होते.

अपुऱ्या दृश्याचा धोका

या प्रशिक्षणाचा पहिला धडा कॅमेऱ्याचा नसून संशयाचा असतो. २०१८ मध्ये मूल पळविल्याचे दृश्य असलेली एक क्लिप भारतात मोबाईलवरून सर्वदूर फिरली. मुळात ती पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली चित्रफीत होती. शेवटी मूल परत आणून सोडले जाते, एवढाच भाग कोणीतरी कापला होता. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अशाच अफवांचे पर्यवसान १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींच्या हत्येत झाले.

म्हणूनच क्लिप मूळ कोणी चित्रित केली, कधी, कोठे, तिच्या आधी व नंतर काय घडले, हे विचारण्याची सवय प्रशिक्षणार्थींना लावली जाते. पत्रकारितेतील काय, कोण, कोठे, केव्हा, का आणि कसे हे सहा ककार येथेही चुकत नाहीत. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, बोलीभाषा, सावल्यांची दिशा अशा खुणांवरून स्थळ-काळ ताडून पाहता येतो. स्थानिक व्यक्तीला केलेला एक दूरध्वनीही पुष्कळदा पुरेसा ठरतो.

दृश्यांचे व्याकरण

तांत्रिक भाग तुलनेने लवकर आत्मसात होतो. परिसर दाखविणारे लांबचे दृश्य, माणूस दाखविणारे मध्यम दृश्य आणि तपशील दाखविणारा क्लोज-अप, असे तीन प्रकार आधी शिकविले जातात. कॅमेरा सतत फिरवू नये, प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर ठेवावे, हा पाठ त्यानंतरचा. नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष आवाजाकडे होते. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक सोसतो, परंतु वाऱ्याच्या घोंघावण्यात बाइट ऐकूच आला नाही, तर बातमी वाया जाते.

कॅमेऱ्याच्या कोनालाही अर्थ असतो. तेलंगणातील झहीराबादजवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने प्रशिक्षित केलेल्या दलित शेतकरी महिलांनी हा अर्थ स्वतःच्या शब्दांत बसविला. वरून खाली पाहणाऱ्या दृश्याला त्यांनी जमीनदाराच्या नजरेवरून ‘पटेल शॉट’ म्हटले, तर समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवरील दृश्याला ‘संघम शॉट’. संघमच्या बैठकीत सर्व जणी बरोबरीने बसतात, हा त्यामागील विचार. अक्षरओळख नसलेल्यांनाही हे माध्यम आपलेसे करता येते, हे या महिलांनी दाखवून दिले.

संमती आणि पाठपुरावा

नागरिक पत्रकार ज्या वस्तीची बातमी देतो, तेथेच त्याला राहायचे असते. त्यामुळे चूक झाल्यास तिची किंमत त्याला आणि मुलाखत देणाऱ्याला उंबरठ्यावर मोजावी लागते. चित्रण कोठे दिसेल, कोण पाहील, हे सांगून घेतलेली संमतीच खरी संमती मानली जाते. काही बाबतींत तर संमतीपलीकडे कायदाच आड येतो. लैंगिक अत्याचारपीडितांची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही तशी तरतूद आहे.

बातमी प्रसिद्ध झाल्यावर काम संपत नाही, ही शिकवण गोव्यातून कार्य उभारणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटिअर्स या संस्थेने रुजविली. जेसिका मेबेरी आणि स्टालिन के. यांच्या पुढाकाराने २००३ पासून सुरू झालेल्या या संस्थेने २०१० मध्ये ‘इंडिया अनहर्ड’ हा उपक्रम आरंभिला. वंचित समूहांतील प्रतिनिधींनी काही मिनिटांचा व्हिडिओ तयार करावा, तो संबंधित अधिकाऱ्याला दाखवावा आणि प्रश्न सुटल्यास त्याचाही व्हिडिओ करावा, अशी ही पद्धत. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये छापील रूपात सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’च्या ग्रामीण महिला पत्रकार पुढे मोबाईलवर चित्रण करू लागल्या. त्यांच्यावरील ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्कर नामांकन मिळाले.

या यशामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आठवडाभराच्या शिबिरानंतर प्रशिक्षणार्थींना वाऱ्यावर सोडल्यास त्यांतील बहुतेकांचा उत्साह मावळतो. नियमित मानधन, कच्चे फुटेज तपासणारा अनुभवी संपादक आणि धमकी आल्यास पाठीशी उभी राहणारी संस्था, या तीन गोष्टी प्रशिक्षणाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मोबाईल आज जवळपास प्रत्येकाच्या हाती आहे. त्यावर टिपलेले दृश्य अफवा ठरते की पुरावा, हे मात्र तो धरणाऱ्या हाताला मिळालेल्या शिकवणीवरच अवलंबून राहते.