पोटाची तक्रार आणि मेंदूचा कान

जेवणाची पंक्ति उठते न उठते तोंच ‘पोट फुगलें’, ‘घशाशीं आलें’, ‘चार घांस खाल्ले नाहींत तों पोट भरलें’ अशी तक्रार ज्या घरांत ऐकूं येत नाहीं, असें घर विरळाच. ओवा, हिंग, ताक, लंघन हे उपाय आजीबाईच्या बटव्यांतून निघतात आणि बहुधा काम भागतें. परंतु कांहीं माणसांची तक्रार महिनोन्‌महिने हटत नाहीं. दुर्बिणीनें जठर पाहावें, तर तें स्वच्छ. सोनोग्राफी करावी, तर यकृत व पित्ताशय ठीक. रक्त तपासावें, तर तेंही निर्दोष. अशा वेळीं घरांतील वडीलधारीं माणसें एक निकाल देऊन मोकळीं होतात : ‘हे सारे मनाचे खेळ!’

हा निकाल आम्हींही दिला आहे, हें येथें कबूल करणें भाग आहे. आमच्या धाकट्या सुनेस दोन वर्षें हें दुखणें होतें. सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर आम्हीं तिला म्हटलें, ‘‘सूनबाई, आतां हें मनांतून काढून टाका. कामांत मन रमवा.’’ तिनें ‘बरं’ म्हटलें आणि त्या दिवसापासून तक्रार करणें सोडून दिलें. आम्हांस वाटलें, मात्रा लागू पडली. पुढें पांच-सहा महिन्यांनीं घरांतून आमच्या कानांवर आलें कीं, रात्रीच्या पंक्तीस ती वाढावयास राहते आणि मागाहून जेवतच नाहीं. मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांच्या मनांतलें ओळखण्यांत ज्यांची हयात गेली, त्या मास्तरांस आपल्याच घरांतलें हें दुःख ओळखतां आलें नाहीं.

चिरंजीवांनीं तिला एका डॉक्टरांकडे ॲक्युपंक्चरच्या उपचारासाठीं नेलें. तेथें तिच्या पायांत सुया टोंचल्या, असें ऐकून आम्हांस प्रश्न पडला : दुखणें पोटांत, मग सुई पायांत कां? त्या प्रश्नाचा माग काढतां जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ॲक्युपंक्चर म्हणजे सूचिवेध. ही चीनची फार प्राचीन विद्या आहे. केसासारख्या बारीक सुया शरीरावर ठराविक ठिकाणीं टोंचून कांहीं वेळ तशाच ठेवतात. पोटाच्या विकारांत गुडघ्याच्या वाटीखालीं चार बोटांवर, नडगीच्या किंचित् बाहेर असलेलें ठिकाण मुख्य मानतात. अमेरिकेंत या विद्येचा बोलबाला झाला तोही पोटाच्या दुखण्यावरूनच. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे नामांकित लेखक जेम्स रेस्टन जुलै १९७१ मध्यें पेकिंग येथें असतां त्यांचें अपेंडिक्स काढावें लागलें. शस्त्रक्रिया नेहमींची औषधें देऊनच झाली. परंतु नंतरच्या दुसऱ्या रात्रीं पोट फुगून ते बेचैन झाले, तेव्हां तेथील वैद्यानें त्यांच्या उजव्या कोपरांत व गुडघ्यांखालीं सुया टोंचल्या आणि पोटाजवळ जळत्या वनस्पतीचा शेक दिला. तासाभरांत फुगारा उतरला, असें त्यांनीं लिहिलें. आपल्याकडे ही विद्या आली ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या एका सहकाऱ्याकडून. १९३८ सालीं चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकांत कोटणीसांबरोबर असलेले डॉ. बसू यांनीं पुढें ती तेथें शिकून १९५९ च्या सुमारास कलकत्त्यास आणली.

आतां पायाचा व पोटाचा संबंध पाहूं. तो मेंदूच्या द्वारें जुळतो. पोटाच्या व आंतड्यांच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशी आहेत. तेथून मेंदूकडे ‘व्हेगस’ नांवाची मज्जातंतूंची मोठी जुडी जाते. तिच्यांतील सुमारें ८० टक्के तंतु पोटाचें वर्तमान मेंदूस कळविण्याचें काम करतात. मेंदूचे हुकूम खालीं पोंचविणारे तंतु थोडे. ज्यांच्या तपासण्या निर्दोष येतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या बाबतींत बिघाड असतो तो या दळणवळणांत. घांसभर अन्नानें जठर ताणलें, तर निरोगी माणसास त्याचा पत्ताही लागत नाहीं. यांस मात्र तोच ताण वेदना होऊन जाणवतो. वर्गांत एका मुलानें हळूच कुजबुज करावी आणि आधींच चिडलेल्या मास्तरांस ती दंगल वाटावी, तसाच हा प्रकार. मूल खोटें नव्हे आणि मास्तरांचा त्रासही खोटा नव्हे. कान मात्र फाजील तीक्ष्ण झालेला असतो. चिंता, शोक, भय, क्रोध यांनीं ग्रासलेल्या माणसास पथ्याचें व माफक अन्नही पचत नाहीं, असें चरकसंहितेच्या विमानस्थानांत सांगितलें आहे, त्याचें येथें स्मरण होतें.

सुई हा कान शांत करते काय? बोस्टन येथील संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १३ निरोगी माणसांच्या हातांत सुया टोंचून त्याच वेळीं त्यांच्या मेंदूचें चित्रण केलें. ज्या ११ जणांस सुईपाशीं जडपणा वा मुंग्या जाणवल्या, त्यांच्या मेंदूंतील भय व भावना यांच्याशीं निगडित असलेल्या भागांची हालचाल मंदावली. ज्या दोघांस सुई दुखली, त्यांची उलट वाढली. पुढें २०१२ सालीं चीनमधील संशोधकांनीं जुनाट अपचनाच्या ७२ रोग्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांस खरा सूचिवेध, अर्ध्यांस खोटा. दोन्हीं गटांतील दहा दहा जणांच्या मेंदूचें चित्रण केलें, तेव्हां खऱ्या गटांत पोटाच्या संवेदना जेथें पोंचतात त्या भागांची, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, थॅलॅमस, इन्सुला इत्यादिकांची, हालचाल अधिक प्रमाणांत शमली होती; आणि ती शमण्याचा रोग्यांस वाटलेल्या आरामाशीं मेळ बसत होता. पायाच्याच ठिकाणाचें कारण २०२१ सालच्या उंदरांवरील प्रयोगांत अंशतः उलगडलें. मागच्या पायाच्या खोल आवरणांत विशिष्ट संवेदनातंतु असून, त्यांना विजेची सौम्य चेतना दिल्यास व्हेगसचें कार्य जागें होतें. पोटावरच्या आवरणांत ते तंतु नसल्यानें तेथें तीच चेतना निष्फळ ठरली.

येथें थांबलों असतों, तर लेख गोड झाला असता. परंतु दुसरी बाजू झांकणें मास्तरास शोभत नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या, २७८ रोग्यांवरील एका चिनी प्रयोगांत जेवणानंतरच्या फुगाऱ्यास चार आठवड्यांत खऱ्या सुयांनीं ८३ टक्के लोकांस, तर खोट्यांनीं सुमारें ५२ टक्के लोकांस गुण आला. याउलट, आंतड्यांच्या ‘आय. बी. एस.’ या विकारावरील प्रयोगांचा २०१२ मध्यें एकत्र आढावा घेतला, तेव्हां खरी सुई खोटीहून सरस ठरली नाहीं. सर्वांत बोधप्रद प्रयोग अमेरिकेंतला, २००८ सालचा. त्यांत याच विकाराचे २६२ रोगी होते. ज्यांना तीन आठवडे नुसतें थांबविलें, त्यांपैकीं २८ टक्के लोकांस बरें वाटलें. ज्यांना फारसें न बोलतां, कातडींत न शिरणारी खोटी सुई लावली, त्यांपैकीं ४४ टक्क्यांस. आणि ज्यांना तीच खोटी सुई लावतांना वैद्यानें जवळ बसून, आस्थेनें सारी हकीकत ऐकून घेतली, त्यांपैकीं ६२ टक्क्यांस!

म्हणजे मेंदूचा कान शांत करणारी एक सुई धातूची असेलही. परंतु दुसरें औषध ऐकून घेणाऱ्या माणसाचें आहे, आणि तें प्रत्येक घरांत आहे.

दोन सूचना मात्र अवश्य ध्यानांत ठेवाव्या. वजन उतरणें, शौचावाटे रक्त जाणें, घांस अडकणें, वारंवार वांति होणें, यांपैकीं कांहीं असल्यास आधीं डॉक्टर गांठावा. तेथें सुयांचा घोळ घालूं नये. आणि सूचिवेध करून घेणेंच झालें, तर तो शिकलेल्या माणसाकडून व एकदां वापरून टाकून देण्याच्या निर्जंतुक सुयांनींच करावा.

आमच्या सुनेस महिन्याभरांत बराच उतार पडला. सुयांनीं कीं त्या डॉक्टरांनीं तासभर ऐकून घेतल्यानें, हें तिचें तिलाही सांगतां येत नाहीं. परवां ती रात्रीं पंक्तीस बसली, तेव्हां आम्हीं विचारलें, ‘‘सूनबाई, आज पोट कसें आहे?’’

‘‘आज जरा फुगलंय, मामंजी,’’ ती म्हणाली.

कितीएक महिन्यांनीं तिची तक्रार आमच्या कानीं आली, याचें आम्हांस मोठें समाधान वाटलें.