घड्या मोजताना

बरणीचं झाकण उघडलं की फॉर्मॅलिन आधी डोळ्यांना झोंबतं. आत अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावरचा सी स्क्वर्ट, दाबला की पाण्याची चिळकांडी उडवणारा जीव. हा ‘नेमिडोकार्पा व्हेरुकोसा’. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ लेसाँ यांनी 1830 साली त्याचं वर्णन केलं. व्हेरुकोसा म्हणजे चामखिळींचा. बोट फिरवलं की त्या हाताला लागतात.

पण वरच्या रूपावर मी विसंबत नाही. बरणीत रंग उडतो, अंग आक्रसतं. खरी ओळख पोटात. जाड कातडं कात्रीने उभं चिरायचं, आतली पिशवी अलगद सोडवून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाणी गाळणाऱ्या जाळीच्या घड्या मोजायच्या. याला दोन्ही बाजूंना चार-चार. मग आतड्याचा वळसा, जननग्रंथी किती आणि कुठे. मोजणी चुकली तर प्राणी भलत्याच कुळात जाऊन बसतो.

पूर्वी सी स्क्वर्टना शिंपल्यांच्या गोतावळ्यात धरत. 1866 मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी त्यांच्या अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्याचं आद्यरूप, दाखवला, आणि हा गोळा आपल्याच भावकीतला निघाला. मला ते अजून थरारून टाकतं.

आज पाच बरण्या झाल्या. सहावीतल्याच्या जननग्रंथी जुन्या वर्णनाशी जुळत नाहीत. त्याला उद्या सकाळी, उजेडात पुन्हा बघेन.